जबडा कोणाच्या हद्दीत?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आपण चकलीचा काटा पाहतो, अनारशाची जाळी पाहतो, कडबोळे खुसखुशीत झाले आहे की नाही ते पहिल्या घासालाच ठरवतो. परंतु या साऱ्या परीक्षेचा भार जो उचलतो त्या जबड्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. डोळ्यांचे कौतुक कवींनी केले, केसांचे केले, दातांनाही कुंदकळ्यांची उपमा मिळाली. जबड्याला मात्र सिंहाचा किंवा मगरीचा म्हणूनच साहित्यात प्रवेश आहे. माणसाला स्वतःचा जबडा आठवतो तो दुखू लागला म्हणजे.

वाचकांनी क्षणभर ताट बाजूला ठेवावे आणि दोन्ही हातांची पहिली बोटे दोन्ही कानांच्या पुढे टेकवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जे हलते तोच जबड्याचा सांधा. वर कानशिलाच्या हाडातील खोबण, खाली जबड्याच्या हाडाचा गोल माथा आणि दोहोंच्या मध्ये कूर्चेसारखी एक लहानशी चकती, अशी त्याची रचना आहे. कोपर दाराच्या बिजागरीसारखे फिरते. हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड अधिक उघडू लागले की टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतोही. शिवाय उजवा आणि डावा सांधा म्हणजे एकाच हाडाची दोन टोके. त्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही. जोडीने संसार करणाऱ्यांचे जे होते तेच यांचे होते. एकाचे बिघडले की दुसऱ्याला भोगावे लागते. चकती जागेवरून सरकली की टक् असा आवाज येतो. स्नायू ताठरले की कान, कपाळ आणि मान दुखते. आणि लहानपणी हनुवटीवर पडून सांध्यात हाडाशी हाड जुळून आले, तर त्या मुलाच्या तोंडात पुढे चमचाही जात नाही.

हा विकार नवा नाही. वाद आहे तो त्याच्या उपचाराचा खर्च कोणी द्यायचा याचा. आरोग्यविमा असलेला गृहस्थ दावा दाखल करतो आणि पुष्कळदा उत्तर येते की हा दंतोपचार आहे व दंतोपचार विम्यात बसत नाहीत. सांधा कानाजवळ, हाड चेहऱ्याचे, दुखणे डोक्याचे; मग यात दात आले कोठून? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वैद्यकावर किंवा कायद्यावर अधिकार सांगण्याची माझी पात्रता नाही. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते. एखादे माणूस असे का वागते हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. संस्थांचेही माणसांसारखेच असावे असे मला वाटते. त्यांच्या वागण्याची कारणे त्यांच्या बालपणात सापडतात. म्हणून या प्रश्नाचे बालपण शोधण्याचा हा प्रयत्न.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष घेऊ. जबडा आखडून तोंड उघडेनासे झाले की आपण म्हणतो, दातखीळ बसली. पाहा, दुखणे सांध्याचे नाहीतर स्नायूंचे, आणि आळ आला दातांवर! संस्कृतात याच स्थितीला हनुग्रह असे नाव आहे. तेथे दोष दातांना न देता हनूला, म्हणजे जबड्याला दिला आहे. एकाच दुखण्याची ही दोन नावे. आणि विमा कंपनीच्या कचेरीत आज जो वाद होतो तो या दोन नावांतच सामावलेला आहे.

वैद्यांचेही या बाबतीत एकमत नव्हते. चरकसंहितेत हनुग्रहाचा विचार वातव्याधींच्या प्रकरणात केला आहे, म्हणजे तो सर्व शरीराच्या विकारांत मोडतो. तोंड उघडे राहून जबडा अडकला तर शेक द्यावा, अंगठ्यांनी जबडा दाबावा आणि बोटांनी हनुवटी वर उचलावी, असा उपाय चरकात सांगितला आहे. सुश्रुताने निखळलेला जबडा जागी बसवून त्यावर बांधायची पट्टीही सांगितली. परंतु मुखरोगांची मोजदाद करताना हनुमोक्ष नावाचा जबड्याचा विकार त्याने दातांच्या आठ रोगांच्या यादीत घातला. चरकाच्या वहीप्रमाणे दावा मंजूर आणि सुश्रुताच्या वहीप्रमाणे नामंजूर, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. अर्थात त्या महर्षींना याची कल्पना नव्हती. त्यांच्यापुढे रोगी होता आणि तो बरा व्हावा एवढाच हेतू होता. यादीत नाव कोठे पडले यावरून कोणाच्या खिशाला चाट बसणार नव्हती.

इजिप्तमध्ये १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक जुना पपायरस विकत घेतला. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लिखाणात निखळलेला जबडा बसवण्याची जी रीत दिली आहे, ती अंगठे आत आणि बोटे हनुवटीखाली अशीच आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या परंपरेतही तिचे वर्णन आढळते. नाईल, गंगा आणि एजियन समुद्र यांच्या काठची माणसे एकाच रीतीने एकच सांधा बसवत होती. माणसाचा जबडा सर्वत्र सारखाच निखळतो, हा मानवाच्या ऐक्याचा एक पुरावाच म्हणायचा.

आणि आपल्या मारुतीरायाला कसे विसरावे? फळ समजून सूर्याकडे झेपावलेल्या त्या बालकाच्या जबड्यावर इंद्राने वज्र मारले. हनूला इजा झाली म्हणून तो हनुमान. पुढची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. वायुदेव रागावून बसला, तिन्ही लोकांचा श्वास कोंडला आणि सगळ्या देवांनी धावत येऊन त्या बालकाला एकामागून एक वर दिले. जबड्याच्या इजेबद्दल पूर्ण भरपाई मिळाल्याचे हे पहिले उदाहरण होय. परंतु ज्याचा बाप साऱ्या जगाचा श्वास रोखू शकत नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठीच विमा निघाला.

आता दुसरा धागा. दात आणि शरीर यांची फारकत झाली कशी? युरोपात कित्येक शतके दात काढण्याचे काम न्हावी आणि जत्रेतले दातकाढे करीत असत. विद्यापीठात शिकलेले वैद्य त्या कामाला हात लावीत नसत. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी दंतवैद्यकाचे जगातील पहिले स्वतंत्र महाविद्यालय काढले. त्या योगे दंतवैद्याला मान मिळाला, शास्त्र मिळाले, पदवी मिळाली. परंतु त्याची वाट मात्र वैद्याच्या वाटेपासून कायमची वेगळी झाली. आपल्याकडेही तोच क्रम दिसतो. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दंतवैद्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांची परिषदही वेगळी झाली. वैद्यांची नोंद एका वहीत, दंतवैद्यांची दुसऱ्या वहीत. हिरडीपर्यंत एकाचे राज्य, गळ्यापासून दुसऱ्याचे. आणि मधला सांधा राहिला सीमेवर.

हा सांधा किती फसवा आहे हे १९३४ साली पुन्हा दिसले. अमेरिकेतील सेंट लुईस शहरच्या जेम्स कॉस्टेन या डॉक्टराने अकरा रोग्यांच्या निरीक्षणावरून असे मांडले की, कानात दडे बसणे, कान दुखणे, डोके दुखणे या तक्रारींचे मूळ कधी कधी जबड्याच्या सांध्यात असते. कॉस्टेन होता कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याने दिलेले कारण मात्र दातांचे होते. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो आणि सांधा मागे दाबला जातो, असे त्याचे म्हणणे. ते शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. परंतु त्यामुळे हा विकार दंतवैद्यांच्या दारी गेला आणि तेथेच बव्हंशी राहिला. सीमेवरच्या गावाचे असे होणे आम्हा वसईकरांना नवे नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा २९ गावे आत की बाहेर, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ च्या १ ऑगस्टला आमचा तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून पालघर जिल्ह्यात आला. गाव आहे तेथेच असते. बदलतो तो अर्ज कोठे द्यायचा याचा पत्ता.

तिसरा धागा विम्याचा. पुष्कळांनी थोडे थोडे टाकून संकटातील एकाला सावरायचे, ही कल्पना काही इंग्रजांच्या बोटीतून उतरली नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने ज्या ठिकाणी धर्मशाळा आदी दाने दिली त्यांत शूर्पारक, म्हणजे आमचे नालासोपारे, हेही नाव आहे. त्याच उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० आणि दुसरीकडे १,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून लेण्यातील भिक्षूंना चीवरासाठी व इतर गरजांसाठी पैसे द्यायचे. कोणाला, किती, कशासाठी हे सारे दगडावर स्वच्छ कोरलेले. दगडावर लिहिण्यात हा एक गुण आहे. तेथे बारीक अक्षरात अटी घालता येत नाहीत.

पुढे वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा अंमल आला. लिस्बनला १४९८ साली सुरू झालेल्या मिझरिकॉर्डिया या सेवासंघाची शाखा वसईतही होती. रोग्यांची शुश्रूषा, गरिबांना मदत, बेवारशाची उत्तरक्रिया ही त्या संघाची कामे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते पर्व संपले. परंतु चार घरांनी मिळून एका घराला उभे करण्याची सवय या मातीत राहिली. १९१८ साली येथे स्थापन झालेली कॅथॉलिक पतसंस्था, जी पुढे बँक म्हणून नावारूपाला आली, ती त्याच सवयीचे फळ आहे.

आधुनिक विम्याची सुरुवात मुंबईत झाली. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली, तोवर परकी कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्याचा विमा जास्त हप्ता घेऊन उतरवीत. या संस्थेने तो साध्या दराने उतरवला. १८७४ साली ओरिएंटल आली, १९१९ साली दोराबजी टाटांची न्यू इंडिया आली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपल्या महाडजवळच्या नात्याचे सुपुत्र, यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. परंतु हा सारा विमा मरणाचा होता. आजारपणाचा विमा त्या मानाने फार उशिरा आला.

त्यातही दोन प्रवाह झाले, आणि आपल्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. पहिला प्रवाह कामगारांचा. प्राध्यापक अदारकर यांनी सरकारच्या सांगण्यावरून १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिचे तत्त्व असे की कामगार आजारी पडला म्हणजे त्याला औषध मिळाले पाहिजे. मग तो खाटेवर पडलेला असो की दवाखान्याच्या बाकावर बसलेला असो. दुसरा प्रवाह मध्यमवर्गाचा. चार सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणला. तिचे तत्त्व वेगळे होते. सर्वसाधारणपणे निदान २४ तास रुग्णालयात राहावे लागेल तोच आजार. चष्मा, कानाचे यंत्र हे बाहेर. आणि दंतोपचारही बाहेर, रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच आत.

याला विमेवाल्यांचा दुष्टपणा म्हणणे योग्य होणार नाही. त्यांचेही गणित आहे. घराला आग लागणे हा विम्याचा विषय; दर वर्षी रंग द्यावा लागणे हा विम्याचा विषय नव्हे. दात हे रंगासारखे, कधी ना कधी सगळ्यांचेच खर्चाला येणारे, असे जगभरच्या हिशेबनिसांनी मानले. इंग्लंडने १९४८ साली सर्वांना मोफत उपचार देऊ केले, आणि तीनच वर्षांनी, १९५१ साली, खर्च वाढला तेव्हा पहिली कात्री कवळी आणि चष्मा यांनाच लागली. त्या निषेधार्थ योजनेचे जनक अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. १९६५ साली अमेरिकेने वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा काढला, त्यातूनही नेहमीचे दंतोपचार वगळले. जेथे काटकसर तेथे पहिला बळी दातांचा, असा हा इतिहास आहे. मात्र दातांसाठी खणलेल्या या खड्ड्यात बिचारा सांधा पडला.

म्हणजे जबड्याच्या दुखण्यापुढे दोन भिंती उभ्या राहिल्या. एक दातांची आणि दुसरी २४ तासांची. यांतील दुसरी अधिक उंच आहे. कारण या विकारावरचे बहुतेक उपचार हे बाह्यरुग्ण विभागातले असतात. मऊ अन्न खाणे, शेक, व्यायाम, वेदनाशामक औषध, रात्री दातांवर बसवायची पट्टी आणि मनावरचा ताण कमी करणे, एवढ्यावरच पुष्कळांना आराम पडतो. जाणते डॉक्टर शस्त्राला शेवटी हात घालतात. उलट विमा शस्त्राला पैसे देतो आणि पट्टीला देत नाही. रोग्याने आधी साधा उपाय करावा असे शास्त्र सांगते. आधी खाटेवर पडावे असे पॉलिसी सांगते. वसई पूर्वेच्या कारखान्यातील, कामगार विमा लागू असलेल्या माणसाला दवाखान्याच्या बाकावर बसून जे मिळण्याची सोय १९४८ च्या कायद्याने केली, ते हजारोंचा हप्ता भरणाऱ्या बाबूला पुष्कळदा मिळत नाही, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

माझ्या परिचयातील एका शिक्षिकेची हकीकत येथे सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. तीस वर्षे मोठ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवलेल्या या बाईंचा उजवा कान दुखू लागला. कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष असल्याचे सांगितले. दंतवैद्यांनी सांध्याचे निदान करून दातांवरची पट्टी दिली. चार महिने बरे गेले. मग एके सकाळी तोंड दीड बोटापलीकडे उघडेना. हजेरी घेताना बाई मुलांची नावे दातांतल्या दातांत उच्चारीत आणि मुले हसू दाबीत. शेवटी मुंबईच्या एका रुग्णालयात जबड्याच्या शल्यविशारदांनी सांध्यात दोन सुया घालून तो खारट पाण्याने धुऊन काढला. १९९१ पासून प्रचारात आलेली ही रीत आहे. दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या आणि आठवड्याभरात त्यांना पोळीचा घास घेता आला. त्यानंतर विमा कंपनीचे एका ओळीचे पत्र आले. उपचार दातांचा, सबब दावा नामंजूर.

बाई माझ्याकडे पत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, पैशाचे दुःख आहेच. पण तीस वर्षे मी मुलांना प्रश्न नीट वाचून उत्तर लिहायला शिकवले. यांनी माझा प्रश्न वाचलाच नाही हो." या वाक्याने मला पॉलिसीचे पुस्तक उघडायला लावले.

त्या पुस्तकात मला जे सापडले ते एका कादंबरीच्या कलाटणीइतके रंजक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ साली आरोग्यविम्यातील शब्दांच्या व्याख्या सर्व कंपन्यांसाठी सारख्या करून दिल्या. तेव्हा दंतोपचार म्हणजे दंतवैद्याने केलेला उपचार, अशा आशयाची व्याख्या होती. म्हणजे निर्णय दारावरच्या पाटीवरून. २०१६ साली ती बदलली. दात किंवा दातांना आधार देणारे भाग यांच्यासंबंधीचा उपचार तो दंतोपचार, असे ठरले. म्हणजे निर्णय आता अवयवावरून. हा बदल दिसायला लहान. परंतु जबड्याच्या सांध्याला सीमेपलीकडे नेणारा आहे. कारण दातांना आधार देतात त्या हिरड्या आणि जबड्याच्या हाडातील खाचा. सांधा दातांना आधार देत नाही; तो जबड्याला हलवतो. खिडकीचे गज चौकटीत बसवलेले असतात, म्हणून बिजागरी गजांना आधार देते असे कोणी म्हणत नाही. तोंडात एकही दात नसलेल्या आजोबांनाही हे दोन सांधे असतातच.

तथापि एक फट उरली आहे. वैद्यकीय व्यावसायिक कोण, याच्या व्याख्येत वैद्यक परिषदेत आणि आयुर्वेद, होमिओपॅथी आदींच्या परिषदांत नोंदलेल्यांचा उल्लेख आहे. दंत परिषदेचा नाही. जबड्याची शस्त्रक्रिया करणारे विशारद बहुधा दंतवैद्यकातूनच शिकून आलेले. म्हणजे अवयव आत आला आणि त्यावर हात ठेवणारा उंबऱ्यावर राहिला. १८४० साली बाल्टिमोरला जी फारकत झाली तिचा व्रण असा आजच्या पॉलिसीत उमटलेला आहे.

अशा संदिग्ध जागी काय करायचे, याला सर्वोच्च न्यायालयाचा जुना आधार आहे. १९६६ साली जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदमल जैन या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, विम्याच्या करारात संदिग्धता असेल तर तिचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावावा. हे न्यायालादेखील धरून आहे. शब्द ज्याने निवडले, त्यांच्या धूसरपणाची किंमत त्यानेच द्यावी.

बाईंनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिले. मसुदा माझा, अक्षर त्यांचे. त्यात दोनच मुद्दे होते. रोग सांध्याचा आहे, दातांचा नाही, असा शल्यविशारदांचा दाखला व तपासणीचा कागद. आणि पॉलिसीतील व्याख्या शब्दशः. दीड महिन्याने रुग्णालयाचे बिल मंजूर होऊन आले. आधीच्या चार महिन्यांतील पट्टीचा आणि तपासण्यांचा खर्च मात्र मिळाला नाही, कारण दाखल होण्यापूर्वीचा फक्त ३० दिवसांचा खर्च त्यांच्या पॉलिसीत बसत होता. दातांची भिंत पडली. २४ तासांची उभी राहिली.

ती भिंत इतरत्र कोणी पाडली आहे काय? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८७ साली कायदा करून आरोग्यविमा कंपन्यांना बजावले की, जबड्याच्या सांध्याच्या उपचाराला शरीरातील इतर कोणत्याही सांध्याप्रमाणेच पैसे द्या. शस्त्रक्रिया असो वा नसो, उपचार वैद्याने केलेला असो वा दंतवैद्याने. किती साधे वाक्य! परंतु त्याच देशाचा दुसरा अनुभवही विसरता कामा नये. १९८० च्या दशकात तेथे ह्यूस्टनच्या एका कंपनीने बनवलेले टेफ्लॉनचे कृत्रिम तुकडे हजारो रोग्यांच्या सांध्यात बसवले गेले. चावण्याच्या दाबाने ते झिजले, त्यांच्या कणांनी भोवतालचे हाड खाल्ले, १९९० साली कंपनीने दिवाळे काढले आणि रोगी आयुष्यभराचे दुखणे घेऊन बसले. तेव्हा, जे महाग आणि मोठे तेच खरे वैद्यक, असे मानून पैशाची दारे उघडली तर रोग्याचे भलेच होते असे नाही. साध्या उपचाराला पैसे मिळण्याची सोय असती तर किती जणांनी सुरीची घाई केली नसती, असा विचार मनात येतो.

आपल्याकडे गरिबांसाठी निघालेल्या योजनांनी या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, तेव्हा तिच्या उपचारांच्या यादीत जबड्याच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र गट करून जुळून गेलेल्या सांध्याची शस्त्रक्रिया नावानिशी घातली गेली. हनुवटीवर पडलेल्या त्या मुलाला त्यामुळे दार उघडले. यादीत नाव असणे म्हणजे काय, ते अशा मुलाच्या आईलाच विचारावे. खाजगी विम्यातही १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना जी आरोग्य संजीवनी नावाची सारख्या अटींची पॉलिसी देणे भाग पडले, तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे रुग्णालयात करावा लागणारा दंतोपचारही धरला आहे. २०२४ साली नियामकाने आणखी दोन गोष्टी केल्या. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची होती ती तीन वर्षांवर आणली. आणि समितीने पाहिल्याशिवाय व पॉलिसीचे नेमके कलम दाखवल्याशिवाय दावा फेटाळू नये, असे बजावले. एका ओळीच्या पत्रांचे दिवस त्यामुळे संपावेत.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच की, दिवाळीत जमाखर्चाची वही पुजताना घरातील विम्याची पॉलिसीही एकदा बाहेर काढावी. दंतोपचाराची व्याख्या आणि दाखल होण्यापूर्वीच्या खर्चाचे दिवस, या दोन जागा वाचाव्यात. बाह्यरुग्ण उपचाराची सोय जादा हप्त्याने मिळते काय ते विचारावे. जबडा दुखत असेल तर निदानाचा कागद पहिल्या दिवसापासून जपावा आणि त्यावर दाढदुखी असे मोघम न लिहिता सांध्याच्या रोगाचे नाव लिहून घ्यावे. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. १९९८ च्या नियमांनी सुरू झालेल्या त्या दारात फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही; फक्त अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

उषवदाताने दगडावर लिहिले तेव्हा भिक्षूला चीवर मिळेल की नाही याबद्दल शंकेला जागा ठेवली नव्हती. सुमारे एकोणीसशे वर्षांनंतर आपल्याला तेवढ्याच स्वच्छ एका ओळीची गरज आहे. सांधा तो सांधा, मग तो गुडघ्याचा असो की जबड्याचा. ती ओळ लिहिली जाईपर्यंत तोंड बंद ठेवण्याचे कारण नाही. आणि ज्यांचे उघडते त्यांनी ज्यांचे उघडत नाही त्यांच्यासाठीही बोलावे. फराळ सर्वांना गोड लागो.